ओमप्रकाशजींचा उजवा डोळा

दीक्षाने मिहानमधल्या सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडली तेव्हा घरी भांडण झालं नाही. आई, अंजनाबाई, पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "सोडून देली? आता काय करशीन वं?"

"शिल्पकला शिकीन. मूर्तिकाम."

"मंग आतापर्यंत शिकली ते काय होतं?"

वडील देवाजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ही नोकरी पुन्हा भेटेल का, एवढंच त्यांनी विचारलं. दीक्षाने माहीत नाही म्हटल्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दीक्षा तेव्हा सव्वीस वर्षांची होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं कंपनीतलं काम. ते तिला चांगलं जमायचं, आणि दिवस संपला की त्यातलं काहीही तिच्या लक्षात राहायचं नाही. लक्षात राहायचे ते चेहरे. जेवणाच्या सुट्टीत ती एम-सीलच्या गोळीतून शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं डोकं करायची. बोराएवढं डोकं, पण माणूस लगेच ओळखू यायचा. अशी बरीच डोकी कंपनीत वाटून झाल्यावर तिने चित्रकला महाविद्यालयात शिल्पकलेला प्रवेश घेतला.

वर्गातली मुलं तिला ताई म्हणत. पहिलं वर्ष मजेत गेलं. दुसऱ्या वर्षी अडचण सुरू झाली. बाकीच्यांची कामं हळूहळू त्यांची स्वतःची दिसू लागली. कोणी सायकलचे भाग जोडत होतं, कोणी गवताच्या पेंढ्या मातीत कालवत होतं. दीक्षा समोर बसलेल्या माणसाचं डोकं करायची आणि ते हुबेहूब व्हायचं. बाहेरून आलेल्या एका शिल्पकाराने तिचं काम फिरून पाहिलं आणि सांगितलं, "हात चांगला आहे. पण तुम्हाला म्हणायचं काय आहे?" दीक्षाला काही म्हणायचं नव्हतं. त्या आठवड्यात तिने दोन कंपन्यांना अर्ज पाठवले.

त्याच सुमारास एका दवाखान्यातल्या डॉक्टर मोनाली महाविद्यालयात आल्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने ज्यांचे डोळे गेले, अशा लोकांसाठी त्यांच्या विभागात सिलिकॉनचे कृत्रिम डोळे बनत होते. नुसतं बुबुळ नाही, तर पापण्या आणि भोवतालच्या कातडीसकट सगळा भाग. साचा डॉक्टरांना घेता यायचा, पण आकार आणि रंग जमत नव्हते. शिल्पकला शिकवणाऱ्या अरुंधती मॅडमनी दीक्षाकडे बोट दाखवलं. "हिला न्या. ही चेहरा बघते."

पहिला माणूस ओमप्रकाशजी, कळमन्याच्या बाजारातले संत्र्यांचे अडते. त्यांचा उजवा डोळा पापण्यांसकट काढावा लागला होता. तेव्हापासून लिलाव भाऊ सांभाळायचा, आणि हे काळा चष्मा लावून गाळ्याच्या मागच्या खोलीत बसायचे. सोबत बायको कौशल्याबाई होत्या.

ओमप्रकाशजींनी चष्मा आणि खालची पट्टी काढली. नजर वळवायची नाही असं दीक्षाने आधीच ठरवलं होतं. तशी गरज पडली नाही. समोर एक खोलगट जागा होती, तिला कडा होत्या, कुठे ती गालात उतरत होती, कुठे कपाळाखाली थांबत होती. ती पाहत राहिली.

"काहून एवढं पाहून राहिली, पोरी?" ओमप्रकाशजींनी विचारलं.

"पाहिल्याशिवाय कसं करू, काका?"

"घरी तर कोणी पाहत नाही. हिनं आरसाही काढून टाकला."

"मी नाही काढला," कौशल्याबाई म्हणाल्या. "तुम्हीच उलटा करून ठेवला."

डावा डोळा आणि जुने फोटो समोर ठेवून दीक्षाने उजवा डोळा केला. बुबुळाचा रंग जुळला, पापण्यांचा केस न् केस नीट बसला. तो लावून ओमप्रकाशजी बसले तेव्हा विभागातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कौशल्याबाई मात्र जवळ जाऊन निरखत राहिल्या.

"काय झालं, काकू?"

"सुंदर आहे. पण हे कोणाले तरी घाबरून राहिले असं वाटते. हे असं नाही पाहत."

"मग कसं पाहतात?"

कौशल्याबाईंनी स्वतःच भुवई खाली ओढून डोळा बारीक केला आणि मान तिरकी केली. ओमप्रकाशजींना हसू आलं. त्यांचा डावा डोळा हसताना पार मिटला, आणि उजवा तसाच टक्क उघडा राहिला. दीक्षाला फार वाईट वाटलं. तिने तो डोळा काढून डबीत ठेवला आणि विचारलं, "काका, मला लिलाव दाखवाल?"

"मी नाही जात तिकडे."

"मग मी एकटीच जाते. पण मला तुम्हाला तिथं पाहायचं होतं."

दोन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. कळमन्यात संत्र्यांचे ढीग लागले होते. ओमप्रकाशजी काळा चष्मा लावून खांबाला टेकले, दीक्षा त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिली. एका ढिगावर बोली फारच खाली सुरू झाली तेव्हा ते आधी पुटपुटले, मग दोन पावलं पुढे गेले, मग ओरडलेच, "अरे, माल तर पाहा गा आधी!" लोकांनी वळून पाहिलं. कोणीतरी "या, सेठ" म्हणत जागा केली. ते ढिगावर वाकले. चष्म्याच्या बाजूने दीक्षाला त्यांचा डावा डोळा दिसत होता. माल जोखताना वरची पापणी निम्म्यावर उतरायची आणि डोळ्याखालचा फुगवटा थोडा वर चढायचा. बोली संपल्यावरही ती पापणी पूर्ण वर जात नव्हती. आयुष्यभर ते असेच पाहत आले असणार. फोटो काढतानाच तेवढे डोळे मोठे करत असतील.

दुसरा डोळा तिने निम्मा मिटलेला केला. पांढऱ्या भागात थोडा पिवळटपणा आणि एक तांबडी शीर घातली. गालाकडे उन्हाने रापलेल्या कातडीचा रंग मुद्दाम कमीजास्त ठेवला.

ओमप्रकाशजींनी आरशात पाहिलं. "हा तर झोपून राहिला."

"तुमचा तसाच आहे, काका."

कौशल्याबाई जवळ आल्या, नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि त्यांची कॉलर सरळ केली. "चला," त्या म्हणाल्या, "उशीर होऊन राहिला."

दीक्षाने साहित्य आवरलं. हात धुताना ती रडली, मग बस पकडून वर्गात गेली.

अरुंधती मॅडमना ते काम वार्षिक प्रदर्शनात हवं होतं, निदान फोटो तरी. दीक्षाने ओमप्रकाशजींना विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "लोकांले कळू नये म्हणून बसवला ना? मंग दाखवाचा कसा?" दीक्षाने प्रदर्शनात एक साधं मातीचं डोकं ठेवलं. त्याला बक्षीस मिळालं नाही. मॅडम जरा नाराज झाल्या, त्यांना वाटलं दीक्षा कलेपासून दूर चालली आहे. तसं असेलही. दीक्षाने त्यावर वाद घातला नाही. अर्ज केलेल्यांपैकी एका कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा ती गेली नाही.

हे घरी कळल्यावर देवाजींनी विचारलं, "दवाखान्यातलं काम पर्मनंट आहे का?"

"नाही बाबा. तो डोळाही पर्मनंट नसतो. रंग उतरतो, मग नवीन करावा लागतो."

"म्हणजे काम येत राहीन," देवाजी म्हणाले, आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

आता दीक्षा शेवटच्या वर्षाला आहे. दुपारनंतर ती दवाखान्यात असते. काही जण डोळा नेतात आणि दुसऱ्यांदा येत नाहीत, पट्टीच बरी वाटते म्हणतात. सुरुवातीला तिला याचं वाईट वाटायचं. ओमप्रकाशजी लिलावाला जातात, घरी आले की डोळा काढून ठेवतात.

गेल्या महिन्यात कळमेश्वरच्या एक शिक्षिका आल्या, सोनिका नावाच्या. रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा डावा कान गेला होता. दीक्षाने कानाचा नमुना मेणात करून दाखवला. त्यांनी तो तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिला.

"टोचलेला नाही हा," त्या म्हणाल्या.

दीक्षाच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. उजव्या कानाचं भोक रोजच्या झुमक्याने लांबट झालं होतं. तिने नमुना परत घेतला, दिव्याखाली धरला आणि सुई तापवायला ठेवली.