अकरावा पत्ता

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. सध्या माळ्यावर, बिघडलेल्या इस्त्रीशेजारी पडून असतो. नेट चाललं तर माझी आठवण कोणाला होत नसे. अडलं की शिव्या पहिल्या मला.

माझं काम साधं होतं. बाहेरच्या जगाला आमच्या घराचा एकच पत्ता ठाऊक. आतल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला वेगळा पत्ता मी देत असे, तोही उसना. मुदत संपेपर्यंत तो त्याचा, मग दुसऱ्याचा.

मला बसवलं बाबांनी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म गेलेला माणूस. उसने पत्ते त्यांनी मोजून दहाच ठेवले. घर आहे, हॉटेल नाही, असं मुलाला म्हणाले.

पुढे घशाचं ऑपरेशन ठरलं. वाचा जाणार हे कळल्यावर त्यांनी अकरावा पत्ता पलंगासमोरच्या कॅमेऱ्यासाठी कायमचा राखून ठेवला. परगावी राहणारी मुलगी बाहेरून नेटवर आली की तिला थेट तिथे सोडायचं, हेही मला नेमून दिलं. हात थरथरायचे, फोन धरवत नसे. रोज सकाळी आठला ते कॅमेऱ्याकडे वळून हात वर करत. कॅमेऱ्यातून तिचं उत्तर त्यांना ऐकू येत नसे. ती पाहते आहे, एवढ्यावर त्यांचं भागत होतं.

एकदा घरी पाहुणे येऊन गेले. घरातल्या आणि त्यांच्या फोनांनी मिळून दहाही पत्ते अडवले होते आणि मुदत संपली नव्हती. त्याच दिवशी मुलाने नवा टीव्ही आणला. त्याला पत्ता मिळेना.

“या डबड्यात दमच नाही,” म्हणत मुलाने माझ्या पाठीवरच्या छिद्रात पिन खुपसली. बाबांनी शिकवलेलं सगळं क्षणात पुसलं गेलं. टीव्ही सुरू झाला. सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी आठला मुलगी नेटवरून माझ्या दाराशी आली. तिला कुठे न्यायचं हे मला आठवेना. मी तिला दारातूनच परत पाठवलं. तिने भावाला फोन केला. नेट झकास चाललंय, तुझ्याकडेच काहीतरी असेल, रविवारी बघतो, असं तो म्हणाला. रविवार आला, गेला.

कॅमेऱ्याचा दिवा हिरवाच होता. बाबा रोज हात वर करत राहिले. बाराव्या दिवशी हात उठला नाही.

ती स्वतः घरी आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. माझ्या पोटाखाली छापलेला पासवर्ड टाकून तिने माझी यादी उघडली. अकरावा पत्ता नव्हता.

“रोज हात करायचे?” तिने भावाला विचारलं.

“हो, ताई. रोज.”

“मला दिसत नाहीये, हे तू त्यांना सांगितलं नाहीस?”

“राहून गेलं गं.”

तिने माझी वायर काढली, गुंडाळली आणि मला त्याच्या हातात दिलं.

मित्रांनो, मी यंत्र आहे, पिन टोचली की विसरतो. तुम्हाला ती सबब नाही. घरात कोणी एखाद्याकडे हात करत असेल आणि पलीकडे कोणी नसेल, तर जवळ बसून त्याला तेवढं सांगा.