आकाशी वटवट्याचा साक्षीदार

कोणी विश्वास ठेवणार नाही, ठेवूही नका, पण आज सकाळी आकाशी वटवट्या हा पक्षी माझ्या दुर्बिणीवर बसला. दुर्बिणीत दिसला असं म्हणत नाहीये मी. दुर्बिणीवर बसला.

बाकावरच्या मुरिएलबाई बेगलचा गोल पाव चावत राहिल्या. "मिल्टन, अजून कॉफीसुद्धा ओतली नाहीस आणि सुरू झालास?"

कॉफी! तिचाच तर सगळा वैताग आहे. सेंट्रल पार्कातल्या आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या टोळीचा दंडकच आहे, ज्याने आकाशी पाहिला नाही त्याने वसंतभर सगळ्यांच्या कॉफीचा थर्मास वाहायचा. आता न पाहिलेला उरलोय मी एकटा. वाहून वाहून डावा खांदा कलला. रात्री दक्षिणेचा वारा सुटतो, पहाटे झाडं पाखरांनी भरतात, फोन वाजतो, 'आकाशी! ओढ्याकाठच्या ओकवर!' मी गुडघे सावरत, थर्मास आदळत पोचतो, तर सगळ्यांच्या दुर्बिणी खाली आलेल्या आणि मुरिएलबाई लाडिक आवाजात म्हणणार, "अगं बाई, आत्ताच उडाला!"

हा 'आत्ताच' एक दिवस माझा जीव घेणार.

"आज मात्र मी आधी पोचलो," मी सांगू लागलो. "ओकच्या पार शेंड्याला हा बसलेला. पाठ निळी, पोट पांढरं, गळ्यावर बारीक पट्टा. दुर्बीण उचलली, तर मध्ये नवरीच्या झग्याचा घोळ आला. लग्नाचे फोटो, सकाळी सातला! तिला बाजूला केलं, तर एक गृहस्थ विचारतात, स्वच्छतागृह कुठे? त्यांना वाट दाखवली, तर कुणाचा तरी कुत्रा माझ्या बुटावर पाय वर करून उभा."

"उगाच नाही मघापासून वास येत," वेंडेल म्हणाला. हा टोळीतला सर्वांत धाकटा, नुकताच साठीला आलेला, तोंडाचा फाटका.

"शेवटी तो पक्षीच वैतागला. म्हणाला असेल, या म्हाताऱ्याकडून काही व्हायचं नाही. सरळ खाली उतरला, दुर्बिणीच्या टोकावर बसला आणि उलट्या बाजूने आत डोकावला. मी इकडून बघतोय, तो तिकडून. डोळा केवढा दिसला सांगू? मुरिएलबाईंच्या हातातल्या त्या बेगलएवढा!"

"आणि मधलं भोक?" वेंडेलने विचारलं.

"ती बाहुली."

मुरिएलबाईंनी हात पुसले. "आकाशी जन्मात शेंडा सोडून खाली येत नाही. पण ते राहू दे. दुसरे डोळे कुणाचे?"

हीच मेख. टोळीत एकट्याने पाहिलेला पक्षी धरत नाहीत, टोळीतल्याच दुसऱ्या कुणीतरी तो पाहिलेला लागतो. कुत्रा, नवरी चालत नाहीत.

"ऑक्टाव्हियोचे," मी म्हणालो. "माझ्या शेजारीच उभा होता. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या."

"मग आहे कुठे तो?"

"मुलीकडे निघाला होता ना, न्यू जर्सीला! इथून परस्पर बस धरली. आता आठवडाभर यायचा नाही."

ऑक्टाव्हियो आमच्यातला देवमाणूस, त्याच्या शब्दावर कोणी शंका घेत नाही. मुरिएलबाईंनी सुस्कारा सोडला, माझ्याकडे पाहिलं आणि चक्क थर्मासच्या पट्ट्याला हात घातला. माझा खांदा आपोआप वर आला.

तेवढ्यात वेंडेल ओरडला, "अरे, हा बघा आलाच!"

पायवाटेवरून ऑक्टाव्हियो येत होता, बॅग ओढत, घामाघूम. "बस चुकली रे! घरातून निघायलाच उशीर झाला. दुपारची मिळेल आता. म्हटलं तोवर..."

मी एक डोळा मिचकावला. मग दुसरा. मग दोन्ही.

"ऑक्टाव्हियो," मुरिएलबाई पट्टा न सोडता म्हणाल्या, "सकाळी मिल्टनबरोबर आकाशी पाहिलास म्हणे?"

ऑक्टाव्हियोच्या हातून बॅग सुटली. गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावता लावता तो गर्रकन फिरला, एकेका झाडाचा शेंडा बघू लागला, आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल असा ओरडला,

"आकाशी? कुठे? कधी? मी आत्ता घरून येतोय! मिल्टन, लेका, मला एक फोन करता येत नव्हता?"