निंबा मास्तरांची पेटी

मी निंबा मास्तरांची पेटी. बोलताना मला धाप लागते, सांभाळून घ्या. भात्याला ठिगळं आहेत.

अमळनेरला एका म्हाताऱ्या गवयाकडे मास्तर शास्त्रीय संगीत शिकले. गुरू गेल्यावर मी त्यांच्याकडे आले. शिकवण्यांवर पोट भरेना, तेव्हा बायकोला, मंगलाबाईंना, आणि मला घेऊन त्यांनी सुरत गाठली. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात, कारखान्यात कामाला लागले.

संध्याकाळी गोडादरा वस्तीतल्या खोलीत मला पुढ्यात घेऊन ते आधी नुसतेच बसायचे. कानातला कारखाना बंद व्हायला वेळ लागायचा. मग शिकायला पोरं यायची. इथेच त्यांनी स्वतःची एक बंदिश बांधली. दमलेली बाई उंबऱ्यावर टेकावी, तशी ती कोमल निषादावर टेकायची.

भाकरी थापता थापता मंगलाबाईंनी विचारलं, "हाई तुम्हनी शे का?"

मास्तर लाजले होते.

पुढे पुढे कानातला कारखाना बंद होईनासाच झाला. एकदा त्यांची शिष्या गायत्री वाजवताना साफ चुकली. मास्तर म्हणाले, "छान!" पोरं हसली. मास्तरांनी त्यांच्या तोंडांकडे पाहिलं. मांडीवर ताल धरणारा हात थांबला.

"गायत्री, आते माले ऐकू येत नही. तूच शिकाड."

तेव्हापासून साड्यांना टिकल्या लावायचं काम उरकून गायत्री येते, शिकवते. मास्तर भिंतीला टेकून बसतात.

मध्यंतरी माझा तो कोमल निषादच मुका झाला. गायत्री मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. त्याने झाकणही नीट उघडलं नाही. "बेन, आ जूनी थई गई. नवी लई लो."

नवी कुठून आणणार? गायत्रीने बंदिशीला निषाद टाळून वळण दिलं. पोरं आता तशीच शिकतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मंगलाबाईंनी चमकून पाहिलं. गायत्रीने नकारार्थी मान हलवली. बाई पुन्हा भाकरी थापू लागल्या.

मास्तरांचे डोळे मिटलेले होते, बंदिश त्यांच्या मनातच चालू होती. नेमक्या त्या जागी त्यांची मान हळूच कलली.

"निषाद बरा लागना ना वं?"

गायत्री त्यांच्या कानाशी वाकली आणि ओरडली, "मस्त लागना, मास्तर!"

मी थकले आहे. भंगारात जायला माझी ना नाही. पण ते आहेत तोवर मला इथे राहू द्या. आणि कधी या खोलीत ती बंदिश तुमच्या कानावर पडलीच, तर मास्तरांसमोर मान डोलवा. बाकी काही बोलू नका.