राखणीची पाळी

मरायला मुहूर्त लागत नाही. पण मष्णू प्रत्येक काम बेतानं करणारा माणूस, त्यानं बाजाराचा दिवस धरला. निपाणीचा बाजार म्हटलं की सकाळपासनंच सगळं शिवार मोकळं. उगंच कुणी "काय मष्णूअण्णा, कुठं चाललाईस?" म्हणून विचारणार नाही, आणि आपल्याला खोटं बोलावं लागणार नाही.

अडचण एवढीच होती की त्याच दिवसाची वाट त्याचा चुलतभाऊ रवळूही बघत होता. पाणी चोरायला.

भावकीची विहीर एक, मोटर एक, वाटणीदार चार. मष्णू, रवळू, सगळ्यात वडीलधारा जोतिबाआप्पा आणि थोरली चुलतबहीण अक्काताई. गावातच दिलेली, ती नवऱ्यामागं एकटी बापाच्या वाटणीचं शेत ओढत होती. पाणी पाळीनं. एकवेळ बायको माहेरी राहिली तरी भावकी गप्प बसायची, पण दुसऱ्याच्या पाळीत मोटरीला हात लावलेला खपायचा नाही. त्या दिवशी पाळी होती मष्णूची. पण गेल्या कितीतरी पाळ्या मष्णू मोटरीकडं फिरकलाच नव्हता. ऊस वाळत होता, आणि तो परसात बसून भिंतीकडं बघत होता. रवळूनं हे हेरलं होतं. अण्णाला नकोच हाय, तर वाया का घालवा?

मष्णू विहिरीवर आला तेव्हा मोटर घुमत होती. पण त्याच्या डोक्यातही महिनोन्‌महिने तसंच घुमत होतं. त्यामुळं त्याला वेगळं काही वाटलं नाही. त्यानं पटका काढून काठावर नीट ठेवला आणि उडी टाकली.

खाली पाणी गुडघाभर. रवळूनं सकाळपासनं विहीर उपसली होती.

मष्णू मांडीपर्यंत चिखलात रुतला, पाय कडकन वाजला. तो विव्हळतोय तोवर कपारीतनं एक दिवड सळसळत पाण्यात आली. दिवड बिनविषारी, हे त्याला पोरपणापासनं ठाऊक होतं. तरीही मरायला आलेला माणूस मोडक्या पायानं सरसर दगडावर चढला आणि बोंबलला, "साप! साप! वाचवा!"

वर कुणी असेल तर ना. दिवड निघून गेली. मष्णू धापा टाकत बसला, आणि मग त्याची नजर पाण्यावर गेली. पाणी एवढं खाली कसं? वर घुमतंय काय? महिनोन्‌महिने मेलेली कुठली तरी शीर त्याच्या अंगात ताडकन उठली.

"कोन हाय रं मोटरीवर? आज पाळी माझी हाय!"

रवळू दारं धरून, म्हणजे सरीत पाणी फिरवून, नुकताच मोटरीपाशी आला होता. विहिरीच्या पोटातनं मालकाचा आवाज आल्यावर त्याच्या हातातलं खोरं गळलं. त्यानं मोटर बंद केली, काठावर पालथा पडला आणि हात जोडले.

"चुकलं अण्णा! पर माझी चोरी धरायला विहिरीत लपून बसलाईस व्हय रं?"

"कितव्यांदा चोरलंस?"

"आवंदा पैल्यांदा. म्हंजे... ह्या म्हयन्यात."

"आईच्यान?"

"न्हाय," रवळू म्हणाला. मग त्याला काठावरचा पटका दिसला. घडी घातलेला. चोर धरायला उतरणारा माणूस पटक्याची घडी घालत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"अण्णा," तो हळूच म्हणाला, "आरं, काय केलंस हे."

आता रवळूपुढं पेच होता. हाळी द्यावी तर गाव गोळा होणार आणि गावाला आधी पाणी दिसणार, मग मष्णू. गप्प बसावं तर भाऊ खाली. रवळू हा अट्टल पाणीचोर होता, पण तो बांधावर चढला आणि घशाच्या शिरा तुटेस्तोवर ओरडत सुटला.

बाजाराहून परतणारी माणसं धावत आली, आणि झालंही तसंच. जोतिबाआप्पानं विहिरीत डोकावून पहिला प्रश्न केला, "पानी कुनी नेलं?"

"आप्पा, मला आधी काढा की!" मष्णू खालून ओरडला.

"काढतोय रं. पर बघून ठेवू दे सगळ्यास्नी, कुठवर उपसलंय ते. मागनं न्हाय म्हनंल."

शेवटी अक्काताई "मुडदा बशिवला तुमच्या पान्याचा!" म्हणून कडाडली, तेव्हा बाज दोराला बांधून खाली सोडली. बाजेसोबत आत उतरला तो रवळूच.

पायाला प्लास्टर झालं. फौजदार येणार म्हणून कळलं. कायदा असा होता की मेला तर गुन्हा नाही, जगला तर आहे. जोतिबाआप्पानं सांगून टाकलं, मोटरीचा फूटव्हॉल बघायला उतरला आणि पाय घसरला. फौजदारानं कानडीत विचारलं, आप्पानं मराठीत सांगितलं, दोघांनाही चहा मिळाला आणि प्रकरण मिटलं. मग आप्पानं मष्णूच्या कानाशी लागून निराळीच कल्पना काढली. आप्पा सीमाप्रश्नाच्या प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत बसणारा.

"मष्णू, लोकं कारन विचारत्यात. म्हन की महाराष्ट्रात जायाला मिळंना म्हनून उडी टाकली. हार घालू तुला."

"आप्पा, विहीर चिकोडी तालुक्यात हाय. त्यातनं महाराष्ट्रात कसा निघंन मी?"

कारण सगळ्यांनाच हवं होतं. कुणी म्हणालं, बायको गेली म्हणून. पण ती जाऊन तीन वर्षं झालेली. तेव्हाच केलं असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. कुणी म्हणालं, लेक चिकोडीला दिली, घर खायला उठलं. कुणी करणी काढली. मष्णूला स्वतःलाच सांगता येत नव्हतं. सकाळी डोळे उघडले की छातीवर पाटा ठेवल्यागत वाटायचं, एवढंच. आणि पाटा कुणी ठेवला हे पाटा सांगत नसतो.

भावकीची बैठक बसली. ठराव दोन. एक, रवळूचं पाणी हंगामभर बंद. दोन, मष्णूची राखण करायची, पाळीनं. पाण्याची जशी, तशीच. रवळूला वगळून. चोराच्या हातात राखण कशी द्यायची?

राखण जोरात सुरू झाली. आप्पाच्या घरच्यांनी वस्तरा नेला, दोर नेला. आडाचा पोहराही दोरासकट नेला. त्यामुळं मष्णूला तहान लागली तरी पाणी शेंदता येईना. आप्पा पाळीला आला की उपदेश करायचा. "नरदेह पुन्हा मिळत न्हाय बाबा," म्हणायचा आणि त्याच नरदेहानं बाजेवर घोरायचा. मष्णूच त्याच्यावर पांघरूण घालायचा.

अक्काताईची पाळी आली तशी ती भाजी निवडायला घेऊन आली. मग शेंगा मोडता मोडता म्हणाली, "परत तसं मनात येतंय व्हय रं?"

असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. मष्णूला रागच यायला हवा होता, पण हलकं वाटलं.

"कवा कवा."

"आलं की हाक मार. कवाबी. माझी झोप तशीबी वाईट."

"तुला कसं कळंल आक्का, काय व्हतंय ते?"

"तुझं दाजी गेलं तवा मीबी गेलती त्याच विहिरीवर."

"मग?"

"मग काय. म्हस व्याली."

"आँ?"

"वाड्याकडनं आरडली. म्हटलं, ही तर आडलीया. आधी हिचं बघू, मग आपलं. तिचं बघंस्तोवर सकाळ झाली. मग दूध काढायचं झालं." तिनं शेंगेचा दोर ओढला. "आनि एकदा सासूपाशी रडले. ती बोलली न्हाय, पर उठूनबी गेली न्हाय."

पुढच्या आठवड्यात तिनंच त्याला एसटीत घालून बेळगावला मनाच्या डॉक्टराकडं नेलं. गावात बोभाटा झाला, मष्णू वेडा झाला. अक्काताई चावडीवर उभी राहून म्हणाली, "पाय मोडल्यावर नेला तवा कुनी लंगडं म्हटलं न्हाय ते!" गोळ्या सुरू झाल्या. पाटा गेला नाही, पण कधी कधी सकाळी तो छातीवरनं सरकून बाजूला बसायला लागला.

प्लास्टर निघालं आणि आप्पानं जाहीर केलं, "झालं. पाय बरा, मानूस बरा. आता राखन बंद. लागनीची कामं हायत." पोहरा परत आला, वस्तरा परत आला. कुणी भेटायला यायचं तेवढं थांबलं.

त्या दुपारी घर पुन्हा तसंच गप्प झालं. मष्णू उंबऱ्यावर बसला. पाटा जागा होत होता. हाक मारावी म्हणून तो अक्काताईच्या घराकडं वळला, तर वाटेत रवळूचं दार दिसलं. आतनं कडी लावलेलं. रवळूच्या शेतात ऊस उभा करपला होता. गेल्या बाजाराला तो दिसला नव्हता. त्याच्या आधीच्याही नाही. बायको पोरांना घेऊन संकेश्वरला माहेरी गेलेली. साऱ्या भावकीचं लक्ष मष्णूवर. चोराकडं कोण बघतंय?

भर दुपारी दार लावून बसणारा माणूस झोपलेला नसतो. ही गोष्ट सबंध गावात मष्णूएवढी कुणाला ठाऊक नव्हती.

त्यानं काठीनं दार बडवलं. बडवतच राहिला.

"काय हाय?" कडी निघाली. दाढी वाढलेला रवळू.

"सर बाजूला. पाळी हाय माझी."

"पान्याची? माझं पानी बंद हाय अण्णा. न्हाय लावला मी हात."

"पान्याची न्हवं. राखनीची." मष्णू आत जाऊन बसला आणि मोडका पाय लांब केला. "खरं सांग. जीव द्यावा असं मनात येतंय व्हय रं?"

रवळूनं जमिनीवर रेघा ओढल्या. बऱ्याच ओढल्या.

"कवा कवा," तो म्हणाला. "गाव चोर म्हनतंय. तुला काढलं ते कुनाच्या ध्यानात न्हाय."

"माझ्या हाय. तू न चोरतास तर मी आज नसतो. पर हे आप्पाला कसं सांगायचं, तेच कळंना."

रवळूला हसू फुटलं आणि त्याच्यामागोमाग रडू. मष्णू बोलला नाही, पण उठूनही गेला नाही.

तेवढ्यात दारात अक्काताई. "आरं, तू हितं! मी तुझ्या घरात बघून आले!"

"राखन बंद झाली न्हवं?"

"आप्पाची झाली. माझी कोन बंद करतंय? आज माझी पाळी हाय, आनि तू दुसऱ्याच्यात!"

"मग आता हिथंच बस. दोघांची एकदम धर."

"म्हंजे मी एकटीनंच दोघांची धरायची? आनि माझी कोन धरनार?"

ह्यावर वाद झाला. चांगला तासभर. शेवटी तिघांची पाळी तिघांत वाटली. आप्पाला घ्यायचं की नाही ते राहिलं, कारण तो घोरतो.

उठताना मष्णू दारात थांबला. ऊन कलत होतं, लाईट आलेली होती.

"रवळू, आज पानी माझं हाय. ऊस दोघांचाबी वाळालाय. जा, मोटर चालू कर."

रवळू उभाच राहिला. "आप्पा काय म्हनंल?"

"पाळी माझी हाय, आप्पाची न्हवं. पर ह्या खेपेला विचारून चालू कर."

रवळूनं डोळे पुसले. खोरं उचललं.

"करू का मग अण्णा?"

"कर की. आनि पानी गुडघ्याच्या खाली नेऊ नगंस. दिवड हाय आत."