परत आलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटारगाडी आहे. निळी आपली म्हणायची, कारण माझे डावे दार दुसऱ्याच कुठल्या गाडीचे आहे आणि ते जरा काळपट दिसते. कारखान्यातून निघाले तेव्हा मीही चकाचक होते. एका डॉक्टरांनी मला रोख पैसे मोजून घेतले, पुष्कळ वर्षे वापरले आणि नवी गाडी दारात येताच मला काढून टाकले. तशी मी या जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात आले.

आमच्या फाटकावर मोठी पाटी आहे, 'बँक नाही म्हणाली? आम्ही हो म्हणतो!' ज्यांचे जुने हप्ते थकले आहेत, ज्यांना कोणी दारात उभे करत नाही, अशी माणसे ती वाचून आत येतात. मालक त्यांना गाडी देतो, पण दुप्पट किंमत लावून, आणि हप्ता दर आठवड्याला. शिवाय आमच्या प्रत्येकीच्या पोटात एक काळी डबी बसवलेली असते. हप्ता चुकला की मालक खुर्चीत बसल्या बसल्या डबीला हुकूम सोडतो, मग किल्ली कितीही फिरवा, आम्ही हूं की चूं करत नाही. मग आम्हाला ओढून आणायचे, पुसायचे आणि नव्या माणसाला विकायचे. मालकाची पाचही बोटे तुपात. मी अशी किती घरे पाहून परत आले, ते आता माझ्याही लक्षात नाही.

पण एक बाई लक्षात राहिली. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालायची, भरवायचे, हे तिचे काम. घरे गावभर विखुरलेली, म्हणून स्वतःची गाडी असेल तरच काम मिळणार होते. आमच्या विक्रेत्याला सगळे गोडबोल्या म्हणतात. तो तिला म्हणाला, "पत म्हणजे काय हो ताई, माणूस महत्त्वाचा. तुम्ही हप्ता चुकवणाऱ्यांतल्या नाहीतच."

"नाहीच चुकवणार," ती म्हणाली.

आणि तिने खरेच चुकवला नाही. सुट्टीच्या दिवशी ती मला बादलीभर पाण्याने धुवायची. तिचे वडील शिंपी होते. त्यांनी माझ्या सीटांना जाड कापडाच्या खोळी शिवल्या.

"अजून आपली नाही ना गं ती?" ते म्हणाले.

"होईल की, बाबा. तुम्ही टाके घट्ट घाला."

मित्रांनो, इतके माझे कोणी केले नव्हते. मला फार बरे वाटायचे.

एका उतारावर माझे ब्रेक किंचाळले. गॅरेजवाल्याने चाक काढून पाहिले. "पार झिजलेत, बाई. विकतानाच झिजलेले असणार. अशीच चालवाल तर जिवावर बेतेल."

तिच्या पर्समध्ये त्या आठवड्याचा हप्ता होता. मागच्या सीटवर वडील बसले होते, त्यांना दवाखान्यात न्यायचे होते. तिने ते पैसे गॅरेजवाल्याला दिले. लगेच गोडबोल्याला फोन लावला. "पगार होईपर्यंत थांबा. ब्रेकच केलेत. गाडी तुमचीच सुधारली ना?"

"अहो, मी समजू शकतो, ताई. मालकांच्या कानावर घालतो."

ती बिचारी यालाच होकार समजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने किल्ली फिरवली. बॅटरी भरलेली, टाकीत पेट्रोल, ब्रेक नवेकोरे, आणि मी जागची हलले नाही. डबीपुढे माझे काही चालेना. "चल गं बाई," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आजच्या दिवस चल." तिकडे एक म्हातारे गृहस्थ ओल्या अंथरुणात तिची वाट पाहत होते. दुपारी तिचे काम गेले आणि संध्याकाळी मला ओढून नेले; नेणाऱ्याकडूनच तिला डबीचे कळले.

पुढे ती पिशवी घेऊन आवारात आली. तिला खोळी हव्या होत्या.

"बसवलेलं ते गाडीचं, ताई. नियमच आहे," गोडबोल्या म्हणाला. तेव्हा तो एका नवरा-बायकोला मला दाखवत होता. "एका बाईने लेकीसारखी सांभाळलीय. ब्रेक नवे, सीट बघा. म्हणून किंमत थोडी चढी आहे."

तिने सगळे ऐकले. गोडबोल्या तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "कामाचं काय करताय? मागे ती पांढरी आहे. मालकांशी मी बोलतो, आजच घेऊन जा." एवढ्यात त्या नवऱ्याने तिला विचारले, "तुम्हीच चालवायचात ना? कशी आहे हो?"

मला वाटले, आता ती डबीचे सांगेल. तिचे ओठ हललेही. मग तिने मागच्या पांढऱ्या गाडीकडे पाहिले.

"चांगली आहे," ती म्हणाली आणि सही करायला आत गेली.

मित्रांनो, या ठिकाणी मी म्हणायला हवे की वस्तू जपून वापरा. माझ्या तोंडून ते निघत नाही. तिने मला जपले नसते, तर हप्ता भरला गेला असता. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. उद्या तुम्हालाही कोणी विचारील, कशी आहे हो? तेव्हा खरे उत्तर देणे तुम्हाला परवडावे.