डाव्या बटणातली पाचर

शुक्रवारी मारेनने कामाची वही कारखान्याच्या मास्टरच्या टेबलावर ठेवली. शाळेचे दोन दिवस आणि कारखान्याचे तीन, काय शिकलो ते शिकाऊ कामगाराने वहीत लिहायचं आणि दर शुक्रवारी मास्टरने सही करायची. एक आठवडा जरी बिनसहीचा राहिला तरी अंतिम परीक्षा हुकणार. जर्मनीतल्या रॉयटलिंगेन गावाच्या आसपास दोन वर्षं अर्ज करून करून मारेनला ही जागा मिळाली होती. तोवर शेजारणींनी "पोरगी अजून घरीच का?" विचारून तिच्या आईचा जीव नकोसा केला होता.

मास्टर क्रॅमर एका ओळीवर थांबले. "हे काय लिहिलंयस, पोरी?"

"मंगळवारी प्रेसवर होते ना, मास्टर. शाळेत सर म्हणतात, जे केलं तेच लिहा."

"तुझ्या सरांना वेळेवर माल पाठवावा लागत नाही."

पत्रा दाबून आकार देणाऱ्या त्या जुन्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ती खाली यायची, म्हणजे बोटं शाबूत राहायची. डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकली की एक हात मोकळा राहतो आणि काम झपाट्याने उरकतं. मारेनने भाबडेपणाने पाचरीसकट सगळं लिहिलं होतं.

मास्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आपल्या डब्यातला अर्धा ब्रेत्सेल पाव तिच्यापुढे सरकवला.

"ते पान काढ. नव्यावर लिही, प्रेसच्या सुरक्षेचं शिक्षण, आठ तास."

मारेनने लिहिलं. अक्षरही वळणदार काढलं, याची तिला नंतर फार लाज वाटली. सही झाली.

पुढच्या आठवड्यात तिल नावाचा नवा शिकाऊ आला. सोळा वर्षांचा, हसरा. पहिला दिवस म्हणून आईने सगळ्यांसाठी केक दिला होता.

"हिच्याकडून शीक," मास्टर त्याला म्हणाले. "आठ तासांचं शिक्षण झालंय हिचं, वहीत आहे. तुझ्या वहीतही लिही, प्रेस मारेनने शिकवली."

ते गेल्यावर तिलने विचारलं, "ही पाचर कशाला गं?"

मारेनने काचेआडच्या केबिनकडे पाहिलं. मास्टर कॉफी पीत इकडेच बघत होते. खरं सांगायला जावं, तर वहीतलं ते खोटं पान तिच्याच हातचं होतं.

"वेळ वाचतो," ती म्हणाली. "नुसतं उजवं दाबायचं."

तिलने उजव्या बटणावर बोट ठेवलं. पत्रा जरा तिरका बसला होता, तो सरळ करायला त्याने डावा हात आत घातला.