दोघांची खोली

लेकीने फोनवर एकच प्रश्न विचारला आणि चष्मेवाल्याचं घोडं तिथेच अडलं.

"बाबा, तिथली भाषा येते का तुम्हाला?"

"न यायला काय झालं? तुझ्या आईने चाळीस धडे शिकवलेत."

"मग जा. नाहीतर एकटं सोडणार नाही मी तुम्हाला, सांगून ठेवते."

धड्यांचं बोलणं अर्धं खरं होतं. धडे होते, शिकवणारी होती, फक्त विद्यार्थी वर्गात कधी बसला नव्हता.

तो देश बायकोने शोधला होता. ती शाळेत भूगोल शिकवायची. सगळं जग तोंडपाठ, पण खिशाला परवडेल एवढं त्यातलं थोडंच. वर्षभर नकाशे चाळून तिने असा देश काढला, जिथे राहणं-खाणं स्वस्त आणि बघायला इतकं की महिना अपुरा पडावा. रंगवलेल्या गुहा, सातशे वर्षांचं ग्रंथालय, संध्याकाळी चौकाचौकात बाहुल्यांचे खेळ. "पैसेवाल्यांना अजून पत्ता लागलेला नाही, तेवढ्यात जाऊन येऊ," ती म्हणायची. कुठल्या दिवशी काय पाहायचं, कुठे उतरायचं, सगळं तिने एका वहीत लिहून ठेवलं होतं. अडचण एकच, तिथे त्यांच्या भाषेशिवाय काही चालत नाही. मग बाई एका जुन्या पुस्तकावरून ती भाषा शिकल्या आणि नवऱ्याला शिकवायच्या मागे लागल्या.

दर रविवारी ती छोट्या रेकॉर्डरवर एक धडा बोलून ठेवायची. पद्धत वर्गातलीच. आधी प्रश्न. मग पेनाने टेबलावर टक्, टक्, मोजून पाच वेळा. तेवढ्यात उत्तर द्यायचं. पाचव्या ठोक्यानंतर बरोबर उत्तर ती स्वतः सांगायची. आणि धड्याच्या शेवटी त्या भाषेत एक वाक्य, अर्थ न सांगता. तो गृहपाठ.

सोमवारी रेकॉर्डर दुकानात जायचा आणि स्क्रू-ड्रायव्हरांच्या खणात आठवडाभर पडून राहायचा. काच घासायच्या चाकाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, हे खरं. ते चाक दिवसातून जेमतेम तासभर चालायचं, हेही खरं. त्याला कंटाळा यायचा, बाकी काही नाही.

संध्याकाळी ती विचारायची, "कितवा झाला?"

"बारावा."

"कळला?"

"पाठ झाला!"

ती मान डोलवायची. कधी एक प्रश्न उलटून विचारला नाही, आणि वेळ मारून नेता आली म्हणून हा मनातून खूश. सहल मात्र दर सुट्टीत पुढच्या सुट्टीवर जायची, कारण दुकान बंद कसं ठेवायचं? चाळिसावा धडा झाला आणि पुढच्याच महिन्यात ती गेली. त्याला दोन वर्षं झाली.

या वर्षी त्याच्या मनाने घेतलं, जायचं. तिच्या वहीप्रमाणे, तिने लिहिलेल्याच घरी उतरून. पण आधी ती भाषा यायला हवी होती. त्याने खणातून रेकॉर्डर काढला, नवे सेल घातले आणि बटण दाबलं.

दुकानात तिचा आवाज आला. भिंतीवर दीडशे फ्रेमा होत्या, एकीतही डोळे नव्हते, तरी सगळ्या ऐकत असल्यासारख्या वाटल्या. त्याने घाईघाईने बटण बंद केलं आणि दाराला कडी घातली.

पहिले आठ दिवस पाच ठोक्यांत उत्तर यायचंच नाही. तो तोंड उघडायचा आणि ती सांगून मोकळी व्हायची. मग हळूहळू जमायला लागलं. चौथ्या ठोक्याला उत्तर द्यायचं आणि पाचव्यानंतर तिने तेच म्हणायचं. त्या वेळी त्याला इतकं बरं वाटायचं की तोच धडा तो दहादा लावायचा. जिवंतपणी बायकोशी इतकं बोललो असतो तर, असं मनात यायचं, आणि ते मनात आलं की चाक जोरात सुरू करायचा.

पुढेपुढे ते ठोके रेकॉर्डर बंद असतानाही ऐकू यायला लागले. चाकावर टपटपणारं पाणी पाचाच्या हिशोबात पडायचं. एकदा एका गिऱ्हाइकाने वाट बघून काउंटरवर बोटं वाजवली, आणि हा त्या भाषेत ताडकन म्हणाला, "गुहा डावीकडे आहेत." गिऱ्हाईक चष्मा न घेताच गेलं.

दोन महिन्यांत चाळिसावा सोडून सगळे धडे झाले. शेवटचा त्याने मुद्दाम मागे ठेवला होता. तो ऐकला की संपलंच सगळं.

वहीतला नंबर त्याने फिरवला. त्या घरच्या मालकिणीने उचलला. तारीख विचारली, त्याने सांगितली. येणार कसे विचारलं, तेही सांगितलं. मग तिने विचारलं, "किती जण?"

नवव्या धड्यातला प्रश्न. त्याने विचारही केला नाही. "दोघं," तो म्हणाला.

"छान! मग अंगणाकडची खोली देते," म्हणून तिने फोन ठेवला.

चूक दुरुस्त करायला हवी होती. 'मी एकटा येतोय' हे कसं म्हणायचं, ते शोधायला तो पुन्हा पहिल्या धड्यापासून बसला. एकोणचाळीस धड्यांत ते वाक्य कुठेच नव्हतं. तिला त्याची गरज वाटली नसावी. पण शोधता शोधता त्याने गृहपाठ ऐकले, आणि या खेपेस ते त्याला कळले. घरी तीस वर्षं 'अहो' म्हणणारी बाई त्या भाषेत त्याला बिनधास्त अरे-तुरे करत होती.

सातवा धडा: "हे ऐकलंस तर येताना दूध आण."

त्याला हसू आलं. मग आठवलं, दूध त्याने कधीच नेलं नव्हतं.

बारावा: "उद्या दुपारी तीन वाजता मला फोन कर. मी वाट बघेन."

एकविसावा: "तू ऐकत नाहीस ना? नसलास तरी मला बोलायला आवडतं."

एकतिसावा: "गुरुवारी तपासणीला बोलावलंय. मला भीती वाटते. सोबत ये."

तो गुरुवार त्याला लख्ख आठवत होता. ती एकटीच जाऊन आली होती. तो चिडला होता, "एका शब्दाने सांगितलं नाहीस?" आणि भाजी निवडता निवडता ती म्हणाली होती, "सांगितलं होतं की." त्याला वाटलं होतं, उगाच बोलायचं म्हणून बोलतेय.

तो रडला. दुकानात, भरदुपारी, हातात एका मास्तरांचं अर्धवट घासलेलं डावं भिंग घेऊन.

मग चाळिसावा धडा लावला. त्यात एकच प्रश्न होता. आवाज दमलेला, पण शब्द वर्गातल्यासारखे स्वच्छ.

"किती धडे ऐकलेस?"

टक्. टक्. टक्. टक्.

"चाळीस," तो म्हणाला.

टक्.

"एकही नाही," तिने बरोबर उत्तर सांगितलं.

पुढे गृहपाठ नव्हता. टेबलावर पेन ठेवल्याचा आवाज, आणि मग काही नाही.

मालकिणीला त्याने पुन्हा फोन केला नाही. खोली दोघांचीच राहू दिली. सामानात रेकॉर्डर ठेवला आणि सेलांचं नवं पाकीट.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीचा फोन आला. "बाबा, खरं सांगा हं. येते ना भाषा?"

"येते," तो म्हणाला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्या प्रश्नावर खरं बोलला. "सगळे धडे ऐकलेत मी."

"आईला किती बरं वाटलं असतं," लेक म्हणाली.

फोन ठेवून त्याने दाराला कडी घातली आणि पुन्हा चाळिसावा धडा लावला. या वेळी त्याने पहिल्याच ठोक्याला उत्तर दिलं, अगदी मोठ्याने, शेजारच्या दुकानात ऐकू जाईल इतकं. उरलेले चार ठोके तो रेकॉर्डरच्या जवळ तोंड नेऊन तेच सांगत राहिला.

"एकही नाही," ती म्हणाली.